गणपती झाल्यावर बघू

दादर स्टेशनचा पूल चढताना आमचे मोठे काका मध्येच थांबायला लागले, तेव्हा घरात कोणाला काही वाटलं नाही. वय ६३, शुगर १७ वर्षांची, पावसाळ्याचे दिवस आणि पुलावर ही गर्दी. कठड्याला टेकून ते खालून जाणाऱ्या लोकल बघत उभे राहायचे आणि दोन मिनिटांनी पुढे निघायचे. छातीत दुखत नव्हतं, हातात कळ नव्हती. फक्त दम लागायचा.

जुलैत अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या तिन्ही मोठ्या नळ्यांत ब्लॉकेज निघाले. बायपास करावी लागेल, दोन-तीन आठवड्यांत करून घ्या, असं सर्जननी सांगितलं. घरी आल्यावर काका म्हणाले, "गणपती झाल्यावर बघू." कुडाळला पाच दिवसांचा गणपती, घरात थोरले हेच, मग पूजेला बसणार कोण? गणपती गेले तर पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात छाती कोण उघडून घेतो? मग नवरात्र, काकीचे उपवास. मग दिवाळी तोंडावर. आणि या सगळ्यात काकांचा एकच प्रश्न तयार असायचा: "दुखतंय का कुठे? नाही ना? मग?"

त्या "मग?"चं उत्तर तेव्हा मला देता आलं नव्हतं. मी डॉक्टर नाही. पण त्यांची फाइल काखेत मारून परळ भागातल्या ओपीडींच्या बाकांवर पुष्कळ तास बसले, दिसेल त्या डॉक्टरला आणि सिस्टरला प्रश्न विचारले, घरी येऊन वाचलं. भारतात डायबेटिस असलेले लोक दहा कोटींच्या वर आहेत, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. म्हणजे असे काका घरोघरी आहेत.

दुखत नाही, हीच गोम

जुनी शुगर असलेल्यांच्या पायातून चप्पल निसटते आणि त्यांना पत्ता लागत नाही. पायाच्या नसा बोथट झालेल्या असतात. तसंच आत, हृदयाच्या नसांचंही होतं. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की ओरडायचं काम ज्या नसांचं, त्याच मंदावतात. रक्त कमी पडायचं ते पडतच असतं, फक्त निरोप पोचत नाही. डॉक्टर याला सायलेंट इस्केमिया म्हणतात. पूर्ण हार्ट अटॅकसुद्धा असा मुक्याने येऊन जातो आणि वर्षभराने एखाद्या साध्या ईसीजीत किंवा टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतो.

मुका म्हणजे अगदीच खुणा नसतात असं नाही. दम लागतो, गार घाम फुटतो, जबडा किंवा पाठ भरून येते, मळमळतं, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं, आणि असा थकवा येतो की अंघोळ करून आल्यावर पलंगावर बसावंसं वाटतं. या सगळ्याला आपल्याकडे एकच नाव आहे: गॅस. मग ओवा, इनो, जिरासोडा. बायकांच्या बाबतीत हे आणखी जास्त घडतं, कारण त्या थकव्याचं कारण आधीच तयार असतं, घरातली कामं.

म्हणून डायबेटिस असलेल्या माणसाला "दुखतंय का?" हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. "गेल्या वर्षी हा पूल एका दमात चढत होतात, आता किती वेळा थांबता?" असं विचारायचं. मुंबईकराची स्ट्रेस टेस्ट रेल्वेच्या पुलावर रोज फुकटात होते, निकाल फक्त कोणी लिहून ठेवत नाही. काकांचा निकाल चार महिने आमच्या डोळ्यांसमोर होता.

खड्डा आणि उखडलेला रस्ता

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या नळ्या तीन धरतात. उजवीकडून एक येते. डावीकडून एक आखूड खोड निघतं, त्याला लेफ्ट मेन म्हणतात, आणि त्याच्या दोन फांद्या होतात. समोरून खाली उतरणारी एलएडी आणि मागे वळणारी सर्कमफ्लेक्स. हृदयाच्या डाव्या, म्हणजे अंगभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा मोठा भाग या डाव्या खोडावर जगतो.

वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की नळ्यांचं आतलं गुळगुळीत अस्तर बिघडतं. कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं, सूज धरते, रक्तातल्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात आणि गुठळी लवकर जमते. शुगर नसलेल्या माणसाला पुष्कळदा एकदोन ठिकाणी ठळक अडथळा असतो. डायबेटिसमध्ये नळी लांबवर, जागोजागी आणि टोकापर्यंत खराब झालेली सापडते. रस्त्यात एक खड्डा असणं वेगळं आणि जुलैअखेरीस अख्खा रस्ताच उखडलेला असणं वेगळं.

स्टेंट म्हणजे एका खड्ड्याची दुरुस्ती. बारीक फुगा नेऊन नळी उघडायची आणि जाळीदार आधार बसवायचा. बायपास म्हणजे उड्डाणपूल. जे. जे. उड्डाणपुलाने गेलेला माणूस मोहम्मद अली रोडवरची सगळी गर्दी खाली सोडून पलीकडे उतरतो, आणि उद्या खाली आणखी दोन हातगाड्या आडव्या लागल्या तरी त्याला फरक पडत नाही. बायपासमध्ये शरीरातलीच दुसरी नळी घेऊन ती अडथळ्यांच्या पलीकडे जोडतात. एलएडीसाठी बहुधा छातीच्या आतल्या बाजूची धमनी वापरतात. ही नळी फार टिकाऊ निघते, दहा वर्षांनीही बहुतेकांची चालू असते. पायातून काढलेली शीर तितकी टिकत नाही.

म्हणूनच डायबेटिस आणि तिन्ही नळ्यांचा आजार एकत्र आला की बायपासचा सल्ला जास्त वेळा मिळतो. यावरचा मोठा अभ्यास 'फ्रीडम' नावाचा, २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात डायबेटिस आणि एकाहून अधिक नळ्यांचा आजार असलेले १,९०० रुग्ण होते, निम्म्यांना स्टेंट, निम्म्यांना बायपास. पाच वर्षांत स्टेंटच्या गटात शेकडा १६.३ जण दगावले, बायपासच्या गटात १०.९. पक्षाघात मात्र बायपासकडे जास्त झाले, शेकडा ५.२ विरुद्ध २.४. म्हणजे फुकट काहीच नाही. पण एकूण तराजू बायपासकडे झुकला.

इथे एक गोष्ट सांगतेच, कारण ती उलट्या बाजूची आहे. हार्ट अटॅक आलेला नसताना, नुसत्या तपासणीच्या अँजिओग्राफीसाठी माणूस टेबलावर असतो आणि बाहेर नातेवाइकांना बोलावून "आत्ताच स्टेंट टाकून घ्या, सही करा" असं सांगतात. डायबेटिस आणि तीन नळ्या असतील तर अशा वेळी टेबलावरून खाली उतरणं, अँजिओग्राफीची सीडी घेऊन सर्जनलाही दाखवणं, दोघांनी मिळून ठरवणं, हा उशीर नव्हे. तो उपचाराचा भाग आहे. घाई आणि तातडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

थांबलं की आत काय होतं

काकांची समजूत अशी होती की ब्लॉकेज म्हणजे कपाटातली फाइल. आज काढली काय, दिवाळीनंतर काढली काय, फाइल तीच. मलाही तसंच वाटायचं. तसं नसतं.

पहिली गोष्ट, उतरायला जागा. उड्डाणपूल कुठेतरी उतरावा लागतो. अडथळ्याच्या पलीकडे दीड-दोन मिलिमीटर रुंदीची, बऱ्या भिंतीची नळी शिल्लक असेल तर सर्जन तिथे टाका घालू शकतो. डायबेटिसमध्ये आजार टोकाकडे सरकत जातो, भिंतीत कॅल्शियम साचतं, नळी दोऱ्यासारखी होते. मग छाती उघडल्यावर सर्जनला दिसतं की इथे टाका घालायला काही उरलेलंच नाही. ऑपरेशन होतं, पण तीनऐवजी दोनच जोड बसतात. आज शक्य असलेलं ऑपरेशन काही महिन्यांनी तितकं पूर्ण होईलच असं नाही, हे मला कोणी जुलैत सांगितलं असतं तर काकांशी मी वेगळ्या सुरात बोलले असते.

दुसरी गोष्ट झोपलेल्या स्नायूची. रक्त कमी मिळत राहिलं की हृदयाचा तो भाग कामच कमी करतो. जिवंत असतो, पण आकुंचन पावत नाही. एखाद्या गिरणीने माल नाही म्हणून माग बंद ठेवावेत तसं. इकोमध्ये "पंपिंग कमी" दिसतं. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आत भरलेल्या रक्ताचा साधारण ५५ ते ७० टक्के भाग बाहेर ढकलतं, हा आकडा ४० च्या खाली गेला की धाप आणि पायावर सूज ही नेहमीची होते. झोपलेल्या स्नायूला वेळेत रक्त मिळालं तर तो बऱ्याचदा पुन्हा कामाला लागतो. उशीर झाला तर तिथे वण तयार होतो, आणि वण आकुंचन पावत नाही. बंद ठेवलेले माग पुन्हा चालू होतात, भंगारात गेलेले होत नाहीत. लालबाग-परळच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

तिसरी, किडनी. जुन्या डायबेटिसमध्ये किडनी हळूहळू झिजतेच. अँजिओग्राफीत नळ्या दिसाव्यात म्हणून जे औषध सोडतात, ते किडनीवाटे बाहेर पडतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, चांगलं असताना हे बहुतेकांना निभतं. ढकलत ढकलत क्रिएटिनिन वाढल्यावर तेच औषध जोखमीचं होतं, आणि बायपासनंतर डायलिसिस लागण्याची शक्यताही वाढते.

आणि चौथी. ठरवून, सकाळी आठच्या यादीत, शुगर ताब्यात असताना, रक्ताची सोय करून केलेली बायपास आणि अटॅक आल्यावर कोसळत्या बीपीत रात्री अडीचला केलेली बायपास यांचं नाव एक, धोका एक नव्हे. तातडीच्या ऑपरेशनमध्ये जिवाची जोखीम ठरवून केलेल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पुढे ढकलताना माणसाला वाटतं आपण ऑपरेशनचा धोका टाळतोय. होतं असं, की तोच धोका मोठा होऊन गैरसोयीच्या वेळी दारात येतो.

सगळं थांबणं सारखं नसतं

हे वाचून कोणी उद्या सकाळी स्टेंट टाकायला धावू नये. घड्याळं वेगवेगळी आहेत.

अटॅकचं घड्याळ मिनिटांचं. नळी पूर्ण बंद झाली की साधारण अर्ध्या तासात स्नायू मरायला सुरुवात होते आणि पुढच्या काही तासांत हा मार आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे पसरतो. कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंटची सोय, असलेल्या रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांत फुगा फुगावा, हे जगभर मानलेलं उद्दिष्ट आहे. दुसऱ्या रुग्णालयातून हलवायचं असेल तर १२० मिनिटं. त्याहून जास्त लागणार असतील तर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. इथे शुगर किती आहे, तीन महिन्यांची सरासरी किती, असल्या कशाचीही वाट बघत नाहीत. शुगर ४०० असली तरी फुगा आधी, इन्शुलिन सोबत. "शुगर उतरू दे, मग नेऊ" हे वाक्य घरात कोणी बोलत असेल तर त्याला गप्प करून १०८ लावायचा.

दुसरं घड्याळ दिवसांचं. मोठी नळी पूर्ण बंद नाही, पण रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, वाढलंय, किंवा बसल्या जागी त्रास होतोय. अशा वेळी, त्यातही डायबेटिस असेल तर, अँजिओग्राफी साधारण एक ते तीन दिवसांत व्हावी लागते, धोका जास्त दिसला तर २४ तासांत. पहिला ईसीजी "नॉर्मल" आला म्हणून घरी पाठवलेले डायबेटिसवाले बरेच असतात. ईसीजी आणि ट्रोपोनिन काही तासांनी पुन्हा करावं लागतं, आणि ते करा म्हणून मागण्यात काही उद्धटपणा नाही.

तिसरं आठवड्यांचं. लेफ्ट मेन अरुंद आहे, किंवा तिन्ही नळ्या गेल्यात आणि पंपिंग उतरतंय. आमचे काका याच घड्याळावर होते आणि आम्ही ते पंचांगाला लावलं.

चौथं घड्याळ निवांत आहे, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्रास स्थिर आहे, लेफ्ट मेन चांगलं आहे, पंपिंग ठीक आहे, तर औषधं नीट घेत थांबणं ही मान्यताप्राप्त वाट आहे. २००९ मध्ये 'बारी टू-डी' नावाचा अभ्यास आला. टाइप टू डायबेटिस आणि स्थिर हृदयविकार असलेले २,३६८ लोक त्यात होते. लगेच स्टेंट किंवा बायपास करून घेतलेले आणि औषधांवर थांबलेले, पाच वर्षांनी दोन्हीकडे जवळपास सारखेच जिवंत होते, शेकडा ८८ च्या आसपास. पण त्यातच एक बारकावा आहे. ज्यांचा आजार बायपासच्या लायकीचा, म्हणजे जास्त पसरलेला होता, त्यांच्यात लगेच बायपास करून घेतलेल्यांना पुढे मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी गाठण्याचं प्रमाण शेकडा २२.४ होतं, औषधांवर थांबलेल्यांचं ३०.५. पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासातही स्थिर रुग्णांना घाईच्या स्टेंट-बायपासने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. त्या अभ्यासात लेफ्ट मेनवाल्यांना घेतलंच नव्हतं, हे मात्र तो दाखला देणारे सांगायला विसरतात.

तेव्हा प्रश्न "थांबू का?" एवढाच नाही. माझं घड्याळ कोणतं, हे आधी विचारायचं. आणि औषधांवर थांबणं म्हणजे रोजची ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, बीपीची आणि शुगरची गोळी, सिगारेट-तंबाखू बंद, ठरलेल्या तारखेला पुन्हा तपासणी. व्हॉट्सॲपवर आलेला पिंपळाच्या पानांचा काढा म्हणजे औषधांवर थांबणं नव्हे. दुधीच्या रसाबद्दल तर सांगायलाच हवं: कडू निघालेला दुधी विषारी असतो, त्याच्या रसाने उलट्या, रक्तस्राव, बीपी कोसळणं असे प्रकार झाले आहेत आणि माणसं दगावलीही आहेत. ब्लॉकेज त्याने विरघळत नाही.

डॉक्टर थांबवतात तेव्हा

कधीकधी डॉक्टरच पुढची तारीख देतात आणि घरचे चिडतात. बऱ्याच वेळा त्याला कारण असतं. शुगर फार चढलेली असेल तर छातीच्या मधल्या हाडाची जखम भरत नाही, तिथे पू होतो, आणि तो संसर्ग फार वाईट. पायाला चिघळलेली जखम, किडलेली दाढ, लघवीचा संसर्ग, हे आधी निस्तरावं लागतं. अँजिओग्राफीनंतर क्रिएटिनिन वाढलं असेल तर किडनीला काही दिवस द्यावे लागतात. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या ऑपरेशनआधी सुटाव्या लागतात, टिकाग्रेलॉर साधारण तीन दिवस आधी, क्लोपिडोग्रेल पाच. ॲस्पिरिन मात्र सहसा चालू ठेवतात. गोळ्यांचा हा हिशोब डॉक्टरांचा आहे, स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही.

शुगरच्या दोन प्रकारच्या गोळ्यांविषयी घरच्यांनीही कान उघडे ठेवावेत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं ठरलेल्या ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असताना रक्तात आम्ल साचू शकतं. आणि किडनी कमजोर असेल तर अँजिओग्राफीच्या वेळी मेटफॉर्मिन दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. ही नावं कागदावर लिहून न्या. "ती पांढरी लांबट गोळी" एवढ्यावर कोणालाच काही कळत नाही.

तीन महिन्यांची सरासरी शुगर (रिपोर्टवर एचबीए१सी) आठ टक्क्यांच्या वर आहे म्हणून तीन महिने थांबा, असंही कधी सांगतात. स्थिर माणसाला ते ठीक. पण लेफ्ट मेन अडलेलं असताना त्या आकड्यासाठी तीन महिने घालवायचे का, हे सर्जन आणि डायबेटिसच्या डॉक्टरांनी समोरासमोर बोलून ठरवायला हवं. तीन महिन्यांची सरासरी चार दिवसांत बदलत नाही, रोजची शुगर मात्र इन्शुलिनवर चार-पाच दिवसांत १८० च्या खाली आणता येते. ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर तीच जास्त कामाची.

डॉक्टरांनी थांबवलं तर दोनच गोष्टी विचारायच्या. कशासाठी, आणि कोणत्या तारखेपर्यंत. काकांच्या "गणपती झाल्यावर"ला यातलं एकही उत्तर नव्हतं.

पैसे

पुष्कळ उशिरांच्या मागे सण नसतात, पैसे असतात, आणि ते सांगायला लाज वाटते म्हणून सणाचं नाव पुढे करतात. आमच्याकडेही थोडं तसंच होतं, ते मला फार उशिरा कळलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी (फुगा-स्टेंट) आणि बायपास दोन्ही बसतात, रेशन कार्ड आणि आधार लागतं, संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. रुग्णालय मात्र योजनेत असायला हवं. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, अर्धी विचारपूस त्याच्याकडेच होते. केईएम, नायर, सायन, जे. जे. इथे खर्च कमी आणि यादी लांब. यादी लांब असेल तर आपलं घड्याळ कोणतं ते तिथल्या डॉक्टरला स्पष्ट विचारा, आणि घरी वाट बघताना त्रास वाढला तर गप्प बसू नका, तडक परत जा. तशा रुग्णाचा नंबर वर येतो. स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा आणली, औषध लेपलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपये. आकडा पुढे थोडाफार बदलत राहिला, पण "स्टेंटच लाख-दीड लाखाचा" असं आज कोणी सांगत असेल तर बिल नीट वाचा. मेडिक्लेम घेताना शुगर लपवली असेल तर ऐन वेळी क्लेम अडकतो. लपवली नसेल तर आधीपासूनच्या आजारासाठी एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पूर्वी चार लागायची.

त्या रात्री

भाऊबीज झाली, त्याच आठवड्यात पहाटे साडेतीनला काकांना घाम फुटला. बनियन भिजलं. त्यांना वाटलं शुगर उतरली, म्हणून त्यांनी स्वतःच उठून दोन चमचे साखर खाल्ली आणि वर बिस्किटं. काकी जागी झाली. "अहो, आधी मशीन लावा," म्हणाली. ग्लुकोमीटरवर २८७ आलं.

हा आकडा खरं तर सगळं सांगून गेला होता. घाम शुगर उतरल्यावरही येतो आणि अटॅकमध्येही. मशीनवर शुगर ७० च्या खाली असेल तर साखर द्या, आणि पंधरा मिनिटांत माणूस ठीक झाला नाही तर निघा. शुगर उतरलेली नसेल आणि घाम, धाप, मळमळ असेल तर ते हृदय आहे असं धरूनच चालायचं. चुकलं तर एका ईसीजीचे पैसे जातील. काकांनी मात्र "रात्री कोणाला उठवायचं, उजाडू दे" म्हटलं. आमच्या चाळीत रात्री अपरात्री हाक मारली तर दहा माणसं धावून येतात, तरीही.

रुग्णालयात पोचले तेव्हा साडेआठ वाजले होते. रस्त्यावर ट्रॅफिक सुरू झालं होतं. जवळच्या ज्या नर्सिंग होममध्ये आधी नेलं तिथे कॅथलॅब नव्हती, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. चोवीस तास चालणारी कॅथलॅब आपल्या घराजवळ कुठे आहे हे शांत दिवशी विचारून फ्रिजवर चिकटवायची गोष्ट आहे. १०८ ला फोन केल्यावर आधी हृदयाचा त्रास आहे आणि शुगर आहे हे सांगायचं. स्वतः स्कूटर काढायची नाही, जिने उतरवत चालवायचं नाही.

बंद झालेली नळी त्या दिवशी फुग्याने उघडली. जुलैत ५२ असलेलं पंपिंग ३५ वर आलं होतं. बायपास डिसेंबरमध्ये झाली. सर्जननी बाहेर येऊन सांगितलं की दोन जोड बसले, तिसऱ्या नळीला टाका घालायला जागाच मिळाली नाही. काकीने विचारलं, "जुलैत असती का हो जागा?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, जुलैच्या सीडीत तरी ती नळी बरी दिसतेय.

काका आता बरे आहेत. पंपिंग ४२ पर्यंत आलंय. पुढच्या गणपतीला कोकण रेल्वेने कुडाळला गेले, पिशवीत ग्लुकोमीटर, पेढ्यांच्या डब्याऐवजी गोळ्यांचा डबा. पूजा धाकट्या भावाने केली. दादरचा पूल ते अजूनही एका दमात चढत नाहीत. मध्ये थांबतात, लोकल बघतात. मी आता शेजारी उभी राहून त्यांची पावलं मोजते आणि तारीख टाकून वहीत लिहून ठेवते. पुढच्या ओपीडीला ती वही न्यायची आहे.